इंदूर: स्कॅन सेंटरचं ‘ब्रेन पॅकेज’ आणि क्लिनिकमधल्या कागद-पेन्सिलच्या चाचण्या

धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कानात येणारे आवाज गोळ्यांनी आटोक्यात आलेत आणि तो एम. टी. क्लॉथ मार्केटातल्या आमच्या दुकानात बसतो. पण गिऱ्हाईक एका दमात म्हणालं, ‘हिरव्यात दाखवा, काठ बारीक, पाचशेच्या आत’, की हा हिरवं काढतो आणि तिथेच थांबतो. बाबांच्या मते आळस.

आळस की आजार, ते कळावं म्हणून आधी स्कॅन सेंटर. नाव लिहीत नाही. स्टाफ चांगला, कानात बोळे दिले, मशीनची ठकठक सुरू होण्याआधी त्याला नीट समजावलं. एमआरआयला पाचपैकी चार. एमआरआयसोबत मेंदूची मापं देणाऱ्या ‘ब्रेन पॅकेज’ला मात्र एकच. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘दीदी, बीमारी पकड़ में आ जाएगी.’ हाती आला एक रंगीत कागद: मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या किंचित मोठ्या, हिप्पोकॅम्पस (आठवणींशी संबंधित मेंदूचा भाग) सरासरीपेक्षा लहान. बाबांनी त्याचा अर्थ लावला, ‘मेंदू आक्रसलाय.’ झालं, घरात दोन वेळचं जेवण गप्प.

तो कागद क्लिनिकमधल्या मानसशास्त्रज्ञ मॅडमनी शांतपणे बाजूला ठेवला. म्हणाल्या, यात नवीन काही नाही. 1976 साली इंग्लंडमध्ये जॉनस्टोन आणि क्रो यांच्या गटाने सीटी स्कॅनवर पाहिलं होतं की जुनाट रुग्णांच्या पोकळ्या मोठ्या असतात, आणि ज्यांच्या जास्त मोठ्या ते बुद्धीच्या चाचण्यांत जास्त मागे पडतात. 2016 मध्ये एनिग्मा या अनेक देशांतल्या संशोधकांच्या प्रकल्पाने दोन हजारांवर रुग्णांचे स्कॅन एकत्र केले, तेव्हाही सरासरीने हिप्पोकॅम्पस लहानच निघाला. पण हे सगळं सरासरीचं. निरोगी आणि आजारी माणसांची मापं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की एकट्याच्या स्कॅनवरून ना स्किझोफ्रेनियाचं निदान होतं, ना त्याला काय जमेल ते कळतं. गाठ किंवा जुनी इजा नाही ना, एवढं बघायला स्कॅन ठीक.

मग चाचण्या. पहिला प्रश्न भावाला: ‘मनात आकडे कोणत्या भाषेत मोजतोस?’ हिंदीत, अर्थातच. इंदूरचे आम्ही सगळे तसेच. मग आकडे हिंदीतच दिले, आधी सरळ, मग उलटे म्हणायला. आकड्यांखाली चिन्हं भरणं, समोर स्टॉपवॉच. शब्दांची यादी, थोड्या वेळाने पुन्हा विचारलेली. शब्द त्याला बऱ्यापैकी आठवले. उलटे आकडे आणि चिन्हांचा वेग मात्र फार कमी. म्हणजे गोष्ट डोक्यात शिरते, पण तीन-चार गोष्टी एकदम धरून ठेवता येत नाहीत. बाबांना हे तिथेच ऐकवलं, त्याचे वेगळे पैसे घेतले असते तरी मी दिले असते.

सल्लाही दुकानात चालेल असा: गिऱ्हाइकाचं म्हणणं पॅडवर टिपायचं, एका वेळी एकच थान काढायचं. हाताच्या थरथरीसाठी चालू असलेली ट्रायहेक्सिफेनिडिल स्मरणशक्ती मंदावू शकते, हेही तिथेच कळलं. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी केली. स्वतःहून बंद करू नका.

तक्रारी आहेत. रिपोर्ट उशिरा मिळतो आणि फक्त इंग्रजीत. बसायला एकच बाकडं. सकाळची वेळ मागा, दुपारी गोळ्यांची झापड असते. आणि चष्मा असेल तर नक्की न्या, चिन्हं बारीक छापलेली आहेत.