परसातल्या कोंबड्यांसाठीचं बर्ड फ्लू किट: टब आणि गॉगल झकास, टेस्ट पट्टी मात्र डोक्याला ताप

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण असले किट बरेच जण विकतात आणि आतला माल साधारण सारखाच असतो. खोक्यात काय काय येतं तर पाय बुडवायचा टब, जंतुनाशक पावडर, जाळी, हातमोजे, एन-९५ मास्क, गॉगल, मेलेला पक्षी उचलायच्या जाड पिशव्या, टेस्टच्या पट्ट्या आणि एक पुस्तिका. ज्यांच्याकडे मोजक्याच कोंबड्या-बदकं आहेत त्यांच्यासाठी लिहितेय, मोठ्या पोल्ट्रीवाल्यांचं गणित वेगळं असतं.

टबापासून सुरू करते कारण सगळ्यात कामाची वस्तू तीच आणि लोक सगळ्यात कमी लक्ष तिच्याकडेच देतात. बर्ड फ्लूचा हा व्हायरस रानातली बदकं न बाकीचे पाणपक्षी घेऊन फिरतात, त्यांच्या विष्ठेतून तो तळ्याकाठी, चिखलात पडतो आणि थंड पाण्यात कित्येक दिवस टिकतो, मग आपण त्या चिखलातून चालत येतो आणि सरळ खुराड्यात शिरतो. म्हणजे पक्षी आत आलाच पाहिजे असं काही नाही, आपला बूट पुरेसा आहे. टब खोल आहे, तळाला खरखरीत मॅट आहे, सांडत नाही. पावडर गुलाबी रंगाची, लिटरला १० ग्रॅम, रंग उडाला की पाणी बदलायचं हे लक्षात ठेवायला सोपं जातं. पण डब्यावर बारीक अक्षरात लिहिलंय की १० मिनिटं ओलं राहिलं पाहिजे, आता १० मिनिटं टबात कोण उभं राहणार? त्यामुळे खुराड्यासाठी बुटांचा वेगळा जोड ठेवायचा आणि तो तिथून बाहेर न्यायचाच नाही, टब त्याच्या जोडीला. आणि ब्रश दिलेला नाहीये हे मला अजिबात पटलं नाही. या व्हायरसवर चरबीचं आवरण असतं म्हणून तो साबणाने, ब्लीचने आरामात मरतो, पण बुटाच्या खाचेत विष्ठा अडकली असेल तर औषध आतपर्यंत पोचतच नाही. आधी घासायचं, धुवायचं, मग बुडवायचं. एवढा खोक्याचा पसारा आणि एक ब्रश टाकता आला नाही!

जाळी ठीकठाक. भोकं २५ मिलिमीटरच्या आत आहेत, चिमण्या-कावळे येत नाहीत. पण जाहिरातीत नुसती वरून जाळी टाकलेलं खुराडं दाखवलंय ते चुकीचं आहे, जाळी पक्ष्याला अडवते, वरून पडणाऱ्या विष्ठेला नाही, त्यामुळे वर पत्रा किंवा ताडपत्री हवीच आणि जाळी बाजूंना. दाणापाणी पण छपराखालीच. ज्यांच्याकडे बदकं न कोंबड्या एकत्र आहेत त्यांनी तर वेगळंच करा, बदक बऱ्याचदा काही न होता व्हायरस सोडत राहतं आणि कोंबडी मात्र दोन दिवसांत आडवी होते, कळपच्या कळप जातो.

आता गॉगल. खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना वाटतं मास्क महत्त्वाचा आणि गॉगल शोभेला. पण पक्ष्यांचा फ्लू ज्या प्रकारच्या रिसेप्टरला (म्हणजे पेशीवरची व्हायरस चिकटायची जागा) चिकटतो ते माणसाच्या नाका-घशात कमी असतात, फुफ्फुसात खोल असतात आणि डोळ्यात असतात. २०२४ साली अमेरिकेत बर्ड फ्लूचा एच५एन१ हा घातक प्रकार गायींमध्ये पसरला (हो, गायींमध्ये, दुधातून व्हायरस बाहेर पडत होता), तेव्हा गोठ्यात काम करणाऱ्या ज्या लोकांना लागण झाली त्यातल्या बहुतेकांचं मुख्य लक्षण होतं लाल झालेले डोळे. तर किटमधला गॉगल चारी बाजूंनी बंद आहे, चष्म्यावरून बसतो, वाफ धरतो थोडी पण चालतंय. नुसता चष्मा म्हणजे गॉगल नाही, बाजूने धूळ येतेच. मास्क चांगला आहे पण दाढी असेल तर कडेने हवा जाते, मग एन-९५ चा निम्मा उपयोग गेलाच म्हणून समजा. काढताना आधी हातमोजे, मग हात धुणे, मग गॉगल, मास्क शेवटी आणि परत हात धुणे, हा क्रम पुस्तिकेत चित्रांसकट दिलाय, तेवढ्यासाठी पुस्तिकेला मार्क.

बाकी पुस्तिकेचे मार्क मी काढून घेतले. एका पानावर लिहिलंय की कोंबड्या सुस्त दिसल्या तर पाण्यातून अँटिबायोटिक द्या. अहो व्हायरस आहे हा, अँटिबायोटिकने त्याला काय फरक पडणार, उलट दोन-तीन दिवस औषध देत बसण्यात जातात आणि तेवढ्यात शेजारच्या खुराड्यात पोचतो. दुसऱ्या पानावर म्हणे दरवर्षीची फ्लूची लस घेतली की माणूस सुरक्षित. ती लस माणसांच्या नेहमीच्या फ्लूसाठी असते, एच५एन१ साठी नाही. तरी कोंबड्यांमध्ये काम करणाऱ्यांनी ती घ्यावी असं सांगतात त्याचं कारण वेगळं आहे, एकाच माणसाला दोन्ही फ्लू एका वेळी झाले तर दोघांच्या जनुकांची अदलाबदल होऊन नवीनच काहीतरी तयार होऊ शकतं, ते टाळायचं असतं.

आणि आता ती टेस्ट पट्टी, जिच्या जोरावर हे अख्खं किट विकतात. "काही मिनिटांत खात्री" असं मोठ्या अक्षरात. ही पट्टी फक्त इन्फ्लुएंझा ए (फ्लूच्या व्हायरसचा मोठा गट, बर्ड फ्लू त्यातलाच) आहे की नाही एवढंच सांगते, त्यातला एच५ सारखा घातक प्रकार आहे की एच९ सारखा सौम्य आहे ते नाही. व्हायरस कमी असेल तर निगेटिव्ह दाखवते आणि निगेटिव्ह दिसलं की माणूस निर्धास्त होतो, हा खरा धोका. राणीखेत या कोंबड्यांच्या दुसऱ्या आजारात पण कोंबड्या अशाच पटापट मरतात, त्यामुळे नुसतं बघूनही सांगता येत नाही. खात्री फक्त प्रयोगशाळेतल्या पीसीआरने होते. शिवाय स्वॅब घ्यायला मेलेल्या कोंबडीच्या चोचीत काडी घालायची म्हणजे ज्यापासून लांब राहायचं त्याच्याच तोंडात हात. तुरा निळा पडला, डोकं सुजलं, अंडी एकदम कमी झाली किंवा दोन-चार एकदम मेल्या की पट्टी न काढता सरळ पशुवैद्याला फोन, आणि कोणी येईपर्यंत एकही पक्षी विकायचा किंवा इकडेतिकडे द्यायचा नाही. मेलेला पक्षी कापून बघायचा नाही. पिशव्या मजबूत आहेत, दुहेरी वापरा, पण कुठे पुरायचं ते आधी विचारून.

घरात मांजर असेल तर अजून एक गोष्ट, जी या किटमध्ये कुठेच नाही. मांजरांना हा फार जोरात होतो, मेलेला पक्षी खाऊन मेलेल्या मांजरांच्या नोंदी आहेत, आणि त्याच अमेरिकेतल्या गोठ्यांवर न तापवलेलं दूध पिऊन मेलेल्यांच्याही. २०२२ मध्ये स्पेनमधल्या एका मिंक (फरसाठी पाळतात तो मुंगसासारखा दिसणारा प्राणी) फार्मवर पसरला, मग पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर हजारो समुद्रसिंह मेले. "पक्ष्यांचा आजार आहे, आपल्याला काय" हे वाक्य आता जुनं झालं. माणसांचं म्हणाल तर १९९७ ला हाँगकाँगमध्ये १८ जणांना झाला, ६ गेले, आणि २००३ पासून जगभरात ९०० च्या वर नोंदी, त्यातले साधारण निम्मे दगावले. आता हा निम्म्याचा आकडा ऐकून घाबरायला होतं पण सौम्य केसेस बहुतेक मोजल्याच जात नाहीत हे पण धरा, आणि माणसाकडून माणसाकडे सलग पसरत गेलाय असं अजून झालेलं नाही. चिकन आतपर्यंत ७४ अंशाला शिजलं की व्हायरस संपतो, धोका कच्चं हाताळण्यात आहे. आजारी पक्ष्यांशी संपर्क आल्यावर १० दिवस ताप, खोकला, डोळे यांवर लक्ष ठेवा आणि डॉक्टरकडे गेलात तर कोंबड्यांचं स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही, आणि ओसेल्टामिवीर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं.

एकूण ५ पैकी ३. सुटं मिळत असेल तर टब, पावडर आणि गॉगल एवढंच घ्या, पट्ट्यांचे पैसे पत्र्यात घाला. आख्खं किटच घेणार असाल तर जाळीसोबतचे प्लॅस्टिकचे हुक वापरू नका, उन्हाने तडकतात, तारेने बांधा.