रीसेल फ्लॅटच्या कागदपत्रांसाठी वकील मॅडमचा अनुभव (रजिस्ट्रीला दीड महिना उशीर झाला पण बरंच झालं)

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो फोनसाठी, ते खाली सांगतो. रिव्ह्यू लांब होणार आहे कारण आमचं काम सरळ नव्हतं, आणि ज्यांना नागपुरात रीसेल घ्यायचाय त्यांना यातलं काही तरी नक्की कामी पडेल.

मॅडमचं ऑफिस सिव्हिल लाइन्सला, जिल्हा कोर्टाच्या जवळच. आम्ही पहिल्यांदा गेलो ते फ्लॅटसाठी नाही, हुडकेश्वरच्या पुढे एक प्लॉट बघून ठेवला होता त्यासाठी. रेट मस्त होता, रोडही झालेला, आजूबाजूला घरं बांधून लोक राहून राहिले होते, म्हणून मला वाटलं काय टेन्शन आहे. मॅडमनी फाइल उघडली न पहिलाच प्रश्न, आरएल कुठाय? म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं रेग्युलरायझेशन लेटर, प्लॉट नियमित केल्याचं पत्र. नव्हतंच. दुसरं, विकणाऱ्याच्या नावानं विक्रीपत्रच नव्हतं, मूळ मालकानं दिलेलं आममुखत्यारपत्र न एक नोटरी केलेला करारनामा, बस. त्यांनी सांगितलं की नोटरीच्या शिक्क्यानं मालकी येत नाही, आणि मुखत्यारपत्रावर झालेल्या अशा व्यवहाराला विक्री म्हणताच येत नाही हे सुप्रीम कोर्टानं 2011 मध्येच स्पष्ट केलंय. दहा मिनिटांत विषय संपला आणि त्या दिवसाचे पैसेही घेतले नाही. तेव्हाच ठरवलं की पुढचं काम यांच्याकडेच.

मग त्रिमूर्तीनगरकडे हा टू बीएचके मिळाला, 54 लाखात ठरला. जुनी सोसायटी आहे. फ्लॅट मूळ वडिलांच्या नावाचा, ते 2019 ला गेले, मुलगा विकत होता. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर (सभासदाचा दाखला) आता मुलाचं नाव, टॅक्स पावती त्याच्या नावाची, लाइट बिल त्याच्या नावाचं. एजंट म्हणाला, "भाऊ, सगळं क्लिअर आहे, हे नॉमिनी होते, दोन लाख कॅश टोकन द्या, पंधरा दिवसांत रजिस्ट्री." माझी तर द्यायची तयारी झाली होती, बायको म्हणाली आधी मॅडमला दाखवू.

आता इथं मॅडमचं खरं काम दिसलं. त्यांनी सगळे कागद बाजूला ठेवले न विचारलं, वडिलांच्या मागे कोण कोण आहे? आई आहे, मुलगा आहे, दोन बहिणी आहेत, दोघींची लग्नं झालेली, मोठी ताई अमरावतीला असते. मृत्युपत्र केलं होतं का? नाही. मग म्हणाल्या हा फ्लॅट मुलाचा एकट्याचा नाहीच, चौघांचा आहे, प्रत्येकाचा चार आणे हिस्सा. नॉमिनी म्हणजे सोसायटीनं तोपर्यंत ज्याच्याशी व्यवहार करायचा तो माणूस, मालक नाही. टॅक्स पावतीवरचं नाव म्हणजे टॅक्स कोणाकडून घ्यायचा त्याची नोंद, तीसुद्धा मालकी नाही. एजंट मधेच म्हणाला की मोठीचं लग्न 1991 चं आहे न मुलींचा कायदा तर 2005 ला आला. मीपण आजवर हेच समजत होतो. मॅडमनी फार शांतपणे समजावलं की 2005 ची दुरुस्ती आहे ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेसाठी, आणि हा फ्लॅट वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला आहे, अशा मालमत्तेत वडील मृत्युपत्र न करता गेले तर मुलीला मुलाइतकाच हिस्सा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे, लग्न कधी झालं याचा काही संबंध नाही. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण आमच्याही घरात आत्याला कोणी कधी विचारलं नव्हतं.

एजंटचं म्हणणं बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेऊ, शंभरच्या स्टॅम्पवर. मॅडम म्हणाल्या ते रजिस्टर करावं लागतं, साध्या सहीचं चालत नाही, आणि मुळात हक्क सोडायचा की पैसे घ्यायचे हे त्या बहिणींनी ठरवायचं, ते तुम्ही ठरवू नका. पुढच्या मीटिंगला त्यांनी चौघांनाही बोलावलं. मोठ्या ताई एसटीनं आल्या. मॅडमनी त्यांना आधीच सांगितलं, "ताई, मी खरेदीदाराची वकील आहे, तुमची नाही. तुमचा हिस्सा एवढा आहे, पाहिजे तर तुमचा वकील करून विचारून घ्या, मग सही करा." कोणी असं सांगत नाही हो. ताई थोडा वेळ काही बोलल्याच नाही, मग भावाकडे बघून म्हणाल्या की मला तर घर विकून राहिले हेच आठ दिवसांपूर्वी समजलं. भाऊ वाईट माणूस नाही, त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं, तो एजंटच्या भरवशावर होता. शेवटी हक्कसोड झालंच नाही, विक्रीपत्रात चौघंही विकणारे म्हणून आले न चौघांच्या खात्यात वेगवेगळे पैसे गेले.

कॅश टोकनला त्यांनी सरळ नाही म्हटलं. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रोख घेता येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, सगळं बँकेतून. टीडीएसचंही त्यांनीच पकडलं. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर खरेदीदारानं विकणाऱ्याच्या पैशातून 1 टक्का टॅक्स कापून सरकारला भरायचा असतो, आणि मी हिशोब करत होतो की चौघांचे साडेतेरा-साडेतेरा लाखच होतात म्हणजे लागणार नाही. तर 1 ऑक्टोबर 2024 पासून सगळ्यांची मिळून एकूण किंमत बघतात, त्यामुळे लागला, चार जणांचे चार वेगळे फॉर्म. फ्लॅट एकट्या बायकोच्या नावानं केला तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट मिळते, दोघांची नावं टाकली तर ती जाते, हेही आधी सांगितलं म्हणून 54 हजार वाचले. रजिस्ट्रेशन फी 30 हजारच लागली.

मला एक शंका होती की लोन घेतोच आहे, बँकेचा वकील सर्च (म्हणजे जुन्या नोंदी काढून मालकी तपासणं) करणारच, मग आपला कशाला? त्यांचं उत्तर, तो बँकेचे पैसे सांभाळतो, तुमचे नाही. यांनी 30 वर्षांचा सर्च घेतला, दोन पेपरात जाहीर नोटीस दिली, मूळ मंजूर नकाशा मागवून बाल्कनी कव्हर केलेली आहे हेही दाखवून दिलं.

आता तक्रारी. फोन उचलत नाही, कोर्टात असतात मान्य आहे, पण दोन-दोन दिवस मेसेजचंही उत्तर नाही, आमचा तर जीव टांगणीला. सर्चला तीन आठवडे लागले. फी 18 हजार सांगितली त्यात नोटीस न विक्रीपत्राचं ड्राफ्टिंग नव्हतं, ते पहिल्याच दिवशी लिहून द्यायला पाहिजे होतं. गेले तर संध्याकाळी पाचनंतर जा, आणि झेरॉक्स नाही, ओरिजिनल घेऊन जा, नाहीतर परत पाठवतात.

रजिस्ट्रीनंतर सोसायटीनं नावावर करायला एक लाख मागितले. मॅडमनी एक पत्र दिलं, महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम 25 हजारांच्या वर घेता येत नाही. 25 हजार भरले, पावती मिळाली.