लुटन टाऊनचं सीझन तिकीट : दहा महिने वापरून झाल्यावर

जागा निवडताना मी किंमत बघितली आणि खांब बघितला नाही. चूक सर्वस्वी माझी. लुटन टाऊन या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या मैदानाचा, म्हणजे केनिलवर्थ रोडचा, मेन स्टँड जुना, लाकडी, आणि त्याचं छप्पर खांबांवर उभं आहे, हे लुटनमधलं शेंबडं पोरही सांगेल. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर बसून फुटबॉल बघितलेला माणूस, तिथे मैदान आणि डोळे यांच्यामध्ये फार तर पुढच्याची टोपी येते. इथे जुलै २०२२ मध्ये पहिल्यांदा जागेवर जाऊन बसलो, तर डाव्या हाताच्या गोलपोस्टचा अर्धा भाग आणि तिकडचा अख्खा कोपरा गायब!

शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. थर्मासचं झाकण लावता लावता म्हणाले, "तिकडचं तुला दिसायचं नाही, पोरा. मी सांगत जाईन."

आणि खरोखर दहा महिने सांगत गेले. एसटीच्या कंडक्टरनं थांबे पुकारावेत तसं, आवाज न चढवता. "कॉर्नर. आपला. ... गेला बाहेर."

ज्यांना नुसतं तिकीट घ्यावं की नाही एवढंच हवंय, त्यांच्यासाठी आधी हिशेब. लुटन तेव्हा चॅम्पियनशिपमध्ये होतं. ही इंग्लंडमधली दुसऱ्या स्तराची लीग. २४ संघ, प्रत्येकाचे ४६ सामने, त्यांतले २३ घरच्या मैदानावर. तुमचं तिकीट या २३ सामन्यांचं. कपचे सामने वेगळे, प्ले-ऑफ (वरच्या लीगमधली शेवटची जागा ठरवणारे सामने) वेगळे, वेम्बली, म्हणजे अंतिम सामन्यांचं लंडनचं मोठं मैदान, तर वेगळंच. मैदानात तेव्हा जेमतेम दहा हजार तीनशे माणसं मावायची, त्यामुळे संघ चांगला खेळायला लागला की सुटं तिकीट मिळवणं म्हणजे गणपतीत कोकणाचं रिझर्व्हेशन. तिथे सीझन तिकिटाचे पैसे वसूल होतात. बाकी गुडघे समोरच्या खुर्चीला टेकतात, जानेवारीत मंगळवारी रात्री पावणेआठचा सामना असला की दोन जोड मोजे घातले तरी बोटं हरवतात, आणि शनिवार दुपार हा प्रकार संसारातून वजा होतो. बायकोनं ऑक्टोबरपर्यंत ऐकून घेतलं. नंतर तीही स्कोअर विचारायला लागली.

मैदान बरी पार्क नावाच्या वस्तीत आहे आणि ही गोष्ट कुठल्याही जाहिरातीत कळत नाही. स्टेशनकडून चालत डन्स्टेबल रोडला लागलात की साड्यांची दुकानं, जिलेबीची कढई, कबाबाचा धूर, मशिदीतून निघालेली माणसं, आणि त्यांच्यामधून नारिंगी शर्ट घातलेली गर्दी एका दिशेला सरकत असते. मला पहिल्या दिवशी महाद्वार रोडची आठवण झाली. लुटन एके काळी गवती हॅटसाठी प्रसिद्ध होतं, म्हणून क्लबचं टोपणनाव 'हॅटर्स'. हॅट घातलेली माणसं आता सामन्याच्या दिवशीच दिसतात.

पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांचं प्रवेशद्वार ओक रोडवर आहे. लालसर विटांच्या बैठ्या चाळीसारख्या घरांची एक रांग आहे, आणि तिच्यातल्या दोन घरांच्या जागी भगदाड पाडून फाटक बसवलंय. आत शिरून लोखंडी जिना चढायचा. दोन्ही बाजूंना खाली लोकांची परसं. कुणाची वाळत घातलेली पँट, कुणाची सायकल, कुणाचा कोथिंबिरीचा वाफा. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरावरून चालत जाऊन व्यावसायिक फुटबॉल बघायचा असा हा मामला.

त्या फाटकावरचा एक स्टुअर्ड माझ्याशी उर्दूमिश्रित हिंदीत बोलायचा. आईवडील मीरपूरचे, हा जन्मला बरी पार्कात. लहानपणी शनिवारी वडील दुपारी एकलाच दुकानाचं शटर ओढून घ्यायचे, असं त्यानं सांगितलं. मैदान घरापासून शंभर पावलांवर, पण आत पाऊल टाकलं ते वयाच्या विशीनंतर. १३ मार्च १९८५ ला एफए कपच्या सामन्यात मिलवॉलच्या प्रेक्षकांनी इथे दंगल केली. खुर्च्या उपटल्या, पोलिसांना मारलं. ते त्याच्या वडिलांनी माडीवरच्या खिडकीतून पाहिलं होतं. त्यानंतर क्लबनं पाहुण्या प्रेक्षकांना १९८६ पासून चार हंगाम बंदीच घातली. "अब्बा म्हणायचे, ती चार वर्षं धंदा चांगला झाला." आता त्याच वडिलांचा नातू नारिंगी स्कार्फ गळ्यात घालून शाळेत जातो. हे सांगताना त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, रांगेत कोण घुसतंय तिकडे होतं.

शेजारचे म्हातारबा मात्र आतल्या गोटातले. आयुष्य व्हॉक्सहॉलच्या मोटार कारखान्यात काढलेलं आणि शनिवारी इथल्या टर्नस्टाइलवर काम. लोखंडी चक्र पायानं अडवून पैसे मोजायचे आणि मग सोडायचे, ते पाय सांगायचे आजची गर्दी किती. मध्यंतराला थर्मासमधला चहा अर्धा मला, अर्धा त्यांना, आणि एक एक जुना हंगाम.

१९८८ चा लीग कपचा अंतिम सामना त्यांनी मला तीन वेळा सांगितला, तिन्ही वेळा वेगळ्या जागेपासून सुरू करून. आर्सेनल २–१ नं पुढे, शेवटची काही मिनिटं, वर आर्सेनललाच पेनल्टी. लुटनच्या गोलात अँडी डिबल, म्हणजे मुळात बदली गोलकीपर. नेहमीचा लेस सीली जायबंदी. विंटरबर्ननं मारलेली पेनल्टी डिबलनं अडवली, डॅनी विल्सननं बरोबरी केली आणि ब्रायन स्टाइननं अगदी शेवटी गोल करून ३–२. क्लबच्या इतिहासातला एवढाच मोठा चषक.

त्यानंतरची कहाणी उतरणीची. १९९१ मध्ये पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च, विभागातल्या ज्या २२ क्लबांनी वेगळी प्रीमियर लीग काढायचं ठरवलं, त्यांत लुटन होतं. ती सुरू व्हायच्या तोंडावर, मे १९९२ मध्ये, लुटन खाली गेलं. मांडव घालायला पुढे आणि पंगतीला नाही. आणि मग २००८. आधीच्या कारभाऱ्यांच्या काळातले एजंटांच्या पैशांचे गैरव्यवहार आणि दिवाळखोरीतून बाहेर पडतानाची नियमांची मोडतोड, असे मिळून दहा आणि वीस, एकूण तीस गुण कापले गेले. हंगाम सुरू होतानाच वजा तीस.

"वजा तीस म्हणजे काय ते मला विचार," म्हातारबा म्हणाले. "दहा सामने जिंकलास की शून्यावर येतोस."

त्या हंगामात मॅनेजर होता मिक हार्फर्ड, १९८८ च्या त्या अंतिम सामन्यात लुटनकडून खेळलेला स्ट्रायकर. संघ लीगमधून बाहेर फेकला जाणार हे स्पष्ट दिसत असताना एप्रिल २००९ मध्ये त्यानं वेम्बलीवर खालच्या विभागांसाठीची जॉनस्टोन्स पेंट ट्रॉफी जिंकून दाखवली, स्कन्थॉर्पविरुद्ध ३–२. लुटनमधून चाळीस हजारांच्या आसपास माणसं गेली होती. मैदानाची क्षमता दहा हजार, आणि दुखवट्याला चाळीस हजार! त्यानंतर पाच वर्षं बिगर-लीग, म्हणजे पाचव्या स्तरावरचं, फुटबॉल. प्ले-ऑफमध्ये तीनदा हरले. अखेर २०१४ मध्ये १०१ गुण मिळवून परत लीगमध्ये आले. २०१८ ला आणखी एक पायरी, २०१९ ला आणखी एक, आणि त्यातही शेवटच्या टप्प्यात हंगामी मॅनेजर पुन्हा हार्फर्डच.

या सगळ्यात एक माणूस सामाईक आहे, पेली-रडॉक म्पान्झू. हा २०१३ मध्ये पाचव्या स्तरावरच्या लुटनमध्ये आला आणि या हंगामापर्यंत तिथेच राहिला. मी त्याला सीझनभर माझ्या चांगल्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, धावताना बघितलं. फार नजाकतीचा खेळाडू नाही. पण तालमीत एखादा पैलवान असतो ना, आखाडा झाडण्यापासून नवख्यांना धरण्यापर्यंत सगळं करणारा, तसला.

एक गोष्ट मला फार आवडली. क्लबचं नाव, टोपणनाव, रंग, बोधचिन्ह यांपैकी काहीही बदलायचं झालं तर चाहत्यांच्या ट्रस्टला नकाराधिकार आहे, २०१४ पासून. कोल्हापूरच्या पाटाकडील तालीम मंडळाची जर्सी कुणी पैसेवाल्यानं येऊन बदलली असती तर मंगळवार पेठेत काय झालं असतं ते सांगायला नको. इथे ते कागदावर लिहून ठेवलंय.

आता हंगाम. सुरुवात मिळमिळीत. ३० जुलैला बर्मिंगहॅमशी ०–० झाला, आणि तो संपता संपता मला झोप येत होती हे कबूल करतो. ऑक्टोबरात वॉटफर्डच्या मैदानावर ०–४. लुटन आणि वॉटफर्ड म्हणजे आपली मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ, पक्के प्रतिस्पर्धी, मध्ये फक्त एम-वन महामार्ग. त्या सोमवारी ऑफिसात एका वॉटफर्डवाल्या सहकाऱ्यानं माझ्या टेबलावर चार केळी ठेवली होती. नोव्हेंबरात मॅनेजर नेथन जोन्स साउदॅम्प्टनला गेला. त्याच्या जागी आला रॉब एडवर्ड्स, ज्याला वॉटफर्डनंच सप्टेंबरात काढून टाकलं होतं! म्हातारबांनी ही बातमी ऐकून थर्मास खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. "बघू," एवढंच.

बघितलं. १ एप्रिलला वॉटफर्ड इथे आलं. प्रेक्षकांच्या साक्षीनं केनिलवर्थ रोडवर हा सामना होत होता २००६ नंतर पहिल्यांदा. ओशो आणि कॅम्पबेलचे गोल, २–० नं जिंकलो. छप्पर इतकं खाली आहे की दहा हजारांचा आवाज बाहेर जायला वाट मिळत नाही, तो पत्र्यावर आपटून परत डोक्यावर पडतो. ही गोष्ट टीव्हीवर शून्य टक्के पोचते. मंगळवारी मी ऑफिसात दोनच केळी नेली, पण सोलून.

८० गुणांवर तिसरे आलो. पहिले दोन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड, थेट वर प्रीमियर लीगमध्ये. तिसऱ्या ते सहाव्याला प्ले-ऑफ. उपांत्य फेरीच्या दोन सामन्यांत संडरलंडकडे १–२ हरून आलो आणि १६ मेच्या रात्री घरी २–० जिंकलो, पहिला गोल ओशोचा, दुसरा लॉकयरचा. पहिला गोल झाला तेव्हा पुढच्या सगळ्या रांगा उभ्या राहिल्या, त्यामुळे खांब असता-नसता सारखंच. सामना संपल्यावर पोरं मैदानात उतरली. म्हातारबा जागेवरच बसून राहिले. त्यांचा उजवा गुडघा थरथरत होता, चक्र अडवायचा तोच असावा.

२७ मे, वेम्बली, कोव्हेंट्रीशी अंतिम सामना. ८५ हजारांवर माणसं आणि एकही खांब नाही. मला उगीच उघड्यावर आल्यासारखं वाटलं. पहिल्या दहा-बारा मिनिटांतच कर्णधार टॉम लॉकयर कुणाचा धक्का नसताना कोसळला. निम्मं मैदान गाणं म्हणत होतं, ते हळूहळू कळत कळत थांबत गेलं. त्याला इस्पितळात नेलं आणि तो शुद्धीवर आहे ही बातमी रांगेरांगेनं फोनवरून पसरत आली. क्लार्कनं २३ व्या मिनिटाला गोल केला. उत्तरार्धात हामेरनं बरोबरी केली. जादा वेळ संपत आला असताना जो टेलरनं गोल मारला, मी शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडलो, आणि व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ पंचानं, हाताला लागला म्हणून तो रद्द केला. त्या अनोळखी माणसानं मला हळूच बाजूला केलं.

मग पेनल्ट्या. या एका सामन्याची किंमत सुमारे १७ कोटी पौंड मानली जात होती. म्हातारबा उठले, मैदानाकडे पाठ करून उभे राहिले आणि पायऱ्यांकडे बघत म्हणाले, "मला नाही बघवत. तू सांग."

मी सांगायला लागलो. आवाज न चढवता सांगायचा प्रयत्न केला, जमला नाही. "मॉरिस. गेला आत. ... त्यांचा पण आत." पाच-पाच झाले. सहावी डॅन पॉट्सनं मारली. "आत." मग कोव्हेंट्रीचा डाबो. मी बघत होतो, चेंडू गोलपोस्टवरून उंच गेला, आणि माझ्या तोंडून मराठीच आलं, "गेला! वरनं गेला!" त्यांना शब्द कळला नसेल. ते वळले आणि माझ्या दंडाला असं काही धरलं की तीन दिवस वळ होता.

लॉकयरनं ते सगळं इस्पितळाच्या खाटेवर पडून बघितलं. म्पान्झू एकाच क्लबबरोबर बिगर-लीगपासून प्रीमियर लीगपर्यंत पोचलेला पहिला खेळाडू ठरला. परतीच्या गाडीचं नाव काढू नका. रद्द झाली, पुढचीत उभ्यानं, कुणाच्या तरी काखेत तोंड खुपसून आलो. हॅट मात्र सांभाळून आणली.

त्याच उन्हाळ्यात, २०२३ मध्ये, त्या बाजूनं गेलो होतो. बॉबर्स स्टँडचं तोडकाम चालू होतं. पूर्वी एक बॉब, म्हणजे एक शिलिंग देऊन आत जायचं म्हणून ते नाव. प्रीमियर लीगचे कॅमेरे, दिवे, पत्रकारांच्या जागा, सगळं बसवायचं होतं आणि त्यावर सुमारे एक कोटी पौंड खर्च येईल असं ऐकत होतो. पुढे स्टेशनजवळ पॉवर कोर्टला नवं मैदान होणार, त्याची परवानगी २०१९ लाच मिळालीय. तिथे खांब नसणार हे उघड आहे.

पाचपैकी साडेचार तारे देतो. अर्धा गुडघ्यांसाठी कापला.

नूतनीकरणाचा अर्ज भरायच्या आधी म्हातारबांना फोन केला. यंदा जागा बदलायचा विचार करतोय का, असं त्यांनी आडून आडून विचारलं. नाही म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. "मग मोठा थर्मास घेतो."