बीएस्सी केमिस्ट्री, नवीन पॅटर्न : 5 पैकी साडेतीन स्टार, आणि तेही लॅबमुळे

निकाल लागला की इनबॉक्समध्ये तोच प्रश्न, दादा केमिस्ट्री घेऊ का. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मी 2023 च्या बॅचचा, ऑटोनॉमस कॉलेज, म्हणजे महाराष्ट्रात एनईपी (नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरण) आधी ज्यांच्यावर लागू झालं त्यातला. साध्या संलग्न कॉलेजांत ते 2024-25 पासून आलं. कॉलेजचं नाव देत नाही, उगाच वाद नको.

एन्ट्री सोपी आहे. बारावी सायन्स, केमिस्ट्री विषय, बहुतेक ठिकाणी मेरिट लिस्ट, सीईटीचा स्कोअर कोणी विचारत नाही. पीसीबीवाल्यांनाही मिळतं, पण फिजिकल केमिस्ट्रीत इंटिग्रेशन समोर आलं की त्यांची जी तारांबळ उडते ती बघितलीये, तेव्हा मॅथ्स सोडलं असेल तर आधी थोडं उघडून बघा.

डिग्रीचा हिशोब असा, सेमिस्टरला 22 क्रेडिट, तीन वर्षांचे 132, आणि चौथं वर्ष केलं तर 176 होऊन ऑनर्स. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रॅक्टिकलचं 30. आता यात गंमत अशी की 132 च्या 132 केमिस्ट्रीचे नसतात. मेजर म्हणजे मुख्य विषय केमिस्ट्री, त्यासोबत मायनर म्हणजे जोडविषय, मग ओपन इलेक्टिव्ह जे दुसऱ्या फॅकल्टीचंच घ्यावं लागतं, शिवाय भाषा, पर्यावरण, आयकेएस (भारतीय ज्ञान परंपरा), एनएसएस किंवा योगा, ओजेटी (कंपनीत जाऊन प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग), फील्ड प्रोजेक्ट, असं सगळं ताटात वाढून येतं. पहिल्या वर्षी तर वाटतं आपण नक्की कशाला अ‍ॅडमिशन घेतलंय. मायनर मात्र डोकं लावून निवडा, मित्र घेतोय म्हणून नको. पुढे एमएस्सी किंवा आयआयटी जॅमचा (आयआयटीत एमएस्सीसाठीची प्रवेश परीक्षा) विचार असेल तर फिजिक्स नाहीतर मॅथ्स, फार्मा-बायोकेमकडे जायचं असेल तर बायोकडचं काहीतरी. ओजेटीचे 4 क्रेडिट म्हणजे 120 तास, त्याची जागा तिसऱ्या महिन्यापासूनच शोधा, एमआयडीसीत ओळख नसेल तर शेवटी पोरं फक्त सर्टिफिकेटपुरतं कुठेतरी जातात आणि मग इंटरव्ह्यूला क्यूसीचं, म्हणजे मालाची क्वालिटी तपासण्याचं काही विचारलं की गप्प.

एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढून ठेवा, क्रेडिट तिथेच जमा होतात. मध्येच सोडलं तर एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा असं कागदावर आहे, पण आमच्या वर्गात कोणी सोडताना त्या सर्टिफिकेटचा विचार केलेला दिसला नाही, सोडणारे नर्सिंगला नाहीतर स्पर्धा परीक्षेला गेले.

आता खरी गोष्ट, लॅब. साडेतीन स्टारमधले तीन तिचेच आहेत. टायट्रेशन पहिल्यांदा करताना सगळे ब्युरेटचा नळ फटकन उघडतात, फ्लास्क गडद गुलाबी, सर म्हणतात परत करा. फिनॉल्फ्थॅलीनचा एंड पॉइंट म्हणजे तो अगदी फिका गुलाबी, हलवल्यावरही टिकणारा. शेवटी शेवटी थेंब थेंब सोडायचा, आणि रीडिंग जुळेपर्यंत पुन्हा. हे पुस्तकात वाचून येत नाही हो, हाताला यावं लागतं. मग ऑरगॅनिकमध्ये लॅसेन टेस्ट, म्हणजे पदार्थात नायट्रोजन वगैरे आहे का ते बघायची, सोडियमचा तुकडा केरोसिनमधून काढून फिल्टर पेपरने टिपायचा, फ्यूजन ट्यूब लालभडक तापवून डिस्टिल्ड वॉटरच्या चायना डिशमध्ये टाकायची, ट्यूब फट्ट करून फुटते आणि पहिल्या वेळी सगळा बाक मागे सरकतो. फिल्ट्रेटमध्ये फेरस सल्फेट वगैरे घालून निळा रंग आला की नायट्रोजन आहे, तो निळा बघून जे वाटतं ते मार्कांनी वाटत नाही.

दीड स्टार कापला तो पण लॅबमुळेच. एका बॅचला बसतील त्यापेक्षा जास्त पोरं, त्यामुळे एक सेट चौघांत, म्हणजे एक करतो, एक लिहितो, दोघं मोबाइल बघतात. मेल्टिंग पॉइंट तर कित्येक जण काढतच नाहीत, सीनियरकडून पाठ केलेलं, 122 आलं की बेन्झॉइक अ‍ॅसिड, 80 आलं की नॅप्थलीन, मग वाटेल ते नाव लिहून मोकळे. फ्यूम हूडचा (वायू बाहेर ओढणारं कपाट) पंखा बंद असल्याने सॉल्ट अ‍ॅनालिसिसच्या दिवशी हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांचा वास डब्यापर्यंत यायचा. आणि जर्नल! सर्टिफाइड जर्नल नाही तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत, त्यामुळे आदल्या रात्री वर्गाच्या ग्रुपवर कोणाच्यातरी जर्नलचे फोटो फिरायचे. तुम्ही असं करू नका, व्हायवाला सर एकच प्रश्न विचारतात, हे का केलंस, आणि तिथे कॉपी उघडी पडते.

तर अ‍ॅडमिशनच्या आधी ब्रोशर नका बघू, सरळ लॅब बघायला जा, कोणी अडवत नाही. हूड चालतो का, एका बॅचला किती पोरं, वजनाचा डिजिटल काटा एकच आहे की जास्त, एवढं बघा. आणि ऑफिसात हे विचारा की चौथं वर्ष तुमच्याकडे आहे का. कारण ऑनर्स विथ रिसर्चला पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के लागतात, ते असूनही कॉलेजात सोय नसेल तर दुसरीकडे धावपळ करावी लागते. चौथं वर्ष केलं तर पुढे एमएस्सी एका वर्षात होते, तीन वर्षांवर गेलं तर दोन वर्षं. नोकरीच हवी असेल तर तीन वर्षंही पुरतात, फक्त एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) कधीतरी स्वतःच्या हाताने चालवून बघा.