शनिवारचा डिझाइन वर्ग: साइटसाठी पाच तारे, लॅबसाठी दोन

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात प्रॅक्टिस करणारे इंजिनिअर शनिवारी स्ट्रक्चरल डिझाइन शिकवतात. डिप्लोमा होऊन बारा वर्षांनी मी पुन्हा बाकावर बसलो. आयएस 456 (काँक्रीट डिझाइनचं भारतीय मानक) तेव्हा घोकला होता, पण कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधायची रिंग कुणी हातात दिली नव्हती. सरांनी पाथर्डी फाट्याला साइटवरच नेलं. 8 मिमीची रिंग, टोकाचा हूक 90 अंशांत वाकवलेला. भूकंपात कव्हर (सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर) उडालं की असा हूक उघडतो. भूकंपासाठीच्या आयएस 13920 या मानकाला 135 अंश हवेत, शिवाय रिंगच्या आतल्या गाभ्यात किमान 65 मिमी शेपूट, म्हणजे हूकचं सरळ टोक. ‘साहेब, असं वाकवायला वेळ जातो,’ फिटर कुरकुरला. (माझ्याही साइटवर हेच ऐकून मी गप्प बसायचो.) सॉफ्टवेअरच्या तासाला मात्र तिघांत एक कॉम्प्युटर, तोही रडतखडत चालणारा. कॉलेजच्या मॅडम शेवटपर्यंत थांबून गणितं तपासतात.