लिंगाण्याचे फोटो आणि नवी पेठेतील एक लॅब

सोलापूरच्या आसपास चढण्यासारखा कातळ नाही. काळ्या मातीच्या या सपाट मुलखातून प्रस्तरारोहणाला निघायचे म्हणजे सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुणे गाठायचे, तिथून गाडी करून वेल्हेमार्गे डोंगरात शिरायचे आणि पहिला दिवस केवळ पोहोचण्यातच घालवायचा. त्यामुळे आम्हा सहा जणांच्या वर्षाकाठी दोन-तीनच मोहिमा होतात, आणि प्रत्येक मोहिमेचे फोटो आम्हाला जिवापाड प्रिय असतात. तरीही ते फोटो इतकी वर्षे मोबाइलमध्येच पडून होते. यंदा जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आटोपल्यावर आम्ही रायगडाजवळचा लिंगाणा सुळका केला, आणि परतल्यावर मी पहिल्यांदाच ठरवले की हे फोटो कागदावर उतरवायचे, प्रत्येकाला एक संच द्यायचा. ते काम सोलापुरातल्या नवी पेठेतील एका जुन्या फोटो लॅबने करून दिले. आपले नाव लिहू नये अशी मालकांची इच्छा असल्यामुळे ते देत नाही, परंतु कामाविषयी मात्र सविस्तर लिहिण्यासारखे आहे.

त्याआधी शहरातल्याच दुसऱ्या एका दुकानात मी चाळीस फोटो छापून घेतले होते आणि ते पाहून अतिशय खट्टू झाले होते. मोहरी गावाजवळच्या रायलिंग पठारावरून सूर्योदयाच्या वेळी घेतलेल्या फोटोत समोरचा अख्खा लिंगाणा केशरी झालेला होता. छापील फोटोत तो राखाडी निघाला, कारण यंत्राने तो केशरी रंग म्हणजे चूक आहे असे धरून आपणहून दुरुस्त केला होता. त्याहून वाईट म्हणजे सुळक्याचा माथाच कापला गेला होता. त्या माथ्यावर आमच्यातली दोघे उभी होती, हेल्मेटचे दोन ठिपके, एक लाल आणि एक पिवळा, आणि तो फोटो घेतला होता तो त्या दोन ठिपक्यांसाठीच.

माथा का कापला गेला, हे मला नवी पेठेतल्या लॅबमधल्या काकांनी पट्टी हातात घेऊन समजावले. मोबाइलचा फोटो साधारणपणे चारास तीन या प्रमाणात असतो, तर ४ बाय ६ इंचांचा कागद तीनास दोन या प्रमाणात. आडवा फोटो त्या कागदावर पूर्ण पसरायचा, तर त्याची उंची साडेचार इंच होते आणि जादा अर्धा इंच वरून-खालून छाटावाच लागतो. शिखराला टेकून चौकट धरण्याची सवय असलेल्या आमच्यासारख्यांचे त्यात हमखास नुकसान होते. त्यांनी सुचवलेला उपाय सोपा होता : ६ बाय ८ इंचांचा कागद घ्यावा, त्याचे प्रमाण मोबाइलच्या फोटोशी तंतोतंत जुळते, किंवा ४ बाय ६ वरच छापायचे असल्यास कडेला पांढरी पट्टी सोडावी. इतकी साधी गोष्ट, पण विचारल्याशिवाय ती कोणी सांगत नाही आणि काय विचारावे हेच गिऱ्हाइकाला ठाऊक नसते.

फोटो कसे आणून द्यायचे, याबाबत ते फार काटेकोर आहेत. आमच्या गटातले बहुतेक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून एकमेकांना पाठवलेले होते. तसा एक फोटो उघडून त्यांनी दाखवले की त्याची लांब बाजू जेमतेम १६०० पिक्सेल उरली आहे. छोट्या कागदावर ते चालून जाईल, पण १८ इंचांच्या छपाईत एका इंचाला नव्वद ठिपकेसुद्धा मिळणार नाहीत, आणि चांगल्या छपाईसाठी तीनशेच्या आसपास हवेत. मी फोटो काढलेल्या चारही मोबाइलमधले मूळ फोटो पेन ड्राइव्हवर गोळा करून आणावेत, किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यात माझे चार दिवस गेले. त्या वेळी कंटाळा आला, पण दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्यावर तक्रार करावीशी वाटली नाही. मूळ फोटोवरून केलेल्या छपाईत दोराची वीण दिसते आणि पकड घट्ट राहावी म्हणून बोटांना लावलेली खडूची पूडही दिसते.

या लॅबचे मोठेपण मला दिसले ते एका फोनमधून. संध्याकाळी काकांचा फोन आला, "ताई, एका फोटोत डाव्या कोपऱ्यात एक हात आलाय, नुसता हात. काढून टाकू का? फोटो स्वच्छ दिसेल." तो हात बिले देणाऱ्या मैत्रिणीचा होता. बिले देणे म्हणजे वर चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणे, आणि जो तो सांभाळतो, त्याच्या मुठीवर वरच्याचा जीव असतो. मी तसे सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग तो हात जरा उजळ करतो, अंधारात गेलाय." छापून आलेल्या फोटोत ती मूठ, तिच्यातून वर गेलेला निळा दोर आणि दोराच्या टोकाला लहानसा दिसणारा आमचा गडी, अशी नजर आपोआप खालून वर जाते. लिंगाण्याच्या वाटेवरच्या बोराट्याच्या नाळेतल्या, म्हणजे डोंगरातल्या घळीतल्या, फोटोंवरही त्यांनी अशीच मेहनत घेतली आहे. त्या अरुंद नाळेत माणसे सावलीत आणि वरचे आकाश लख्ख, अशी अवघड परिस्थिती असते. तिथे चेहरे उजळताना आकाश पांढरे पडू दिलेले नाही. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो, म्हणून मोबाइलवर दिसतो त्यापेक्षा फोटो थोडा उजळच छापावा लागतो, हे त्यांचेच सांगणे.

कागद मॅट घ्यावा असा सल्ला त्यांनी दिला आणि तो मला पटला. चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उमटतात, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात काचेला चिकटून बसलेला फोटो पुन्हा धड निघत नाही. तसेच पश्चिमेच्या खिडकीसमोर फोटो टांगू नये, असेही त्यांनी बजावले.

अल्बमच्या बाबतीत मात्र मला उणे दाखवावे लागेल. फोटोंखाली मी मराठीत ओळी लिहून दिल्या होत्या. त्यांच्या संगणकावर जुना फॉन्ट असल्यामुळे ‘खोल दऱ्या’ याचे ‘खोल दर्या’ झाले. सह्याद्रीच्या माथ्यावर समुद्र आला. एका जोडपानावर फोटोची मधली बाजू घडीत गेल्यामुळे दोर दोन तुकड्यांत दिसत होता. दोन्ही पाने त्यांनी एक पैसाही न घेता पुन्हा करून दिली, परंतु पाच दिवसांचे काम नऊ दिवसांवर गेले आणि तोवर गटातला एक जण नोकरीसाठी हैदराबादला निघून गेला. छपाईपूर्वी पाने गिऱ्हाइकाला वाचायला दाखवण्याची पद्धत त्यांनी ठेवलीच पाहिजे. दरही शेजारच्या दुकानांपेक्षा थोडे अधिक आहेत. मला ते योग्य वाटले, पण शेकड्याने फोटो काढायचे असतील त्यांनी आधी विचारून घ्यावे.

नमुना म्हणून आमचा एक फोटो दर्शनी काचेत लावण्याची परवानगी त्यांनी मागितली. एका मैत्रिणीची त्याला तयारी नव्हती, तर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि काम संपताच माझ्यासमोर आमच्या सर्व फाइल संगणकावरून पुसून टाकल्या.

सहा संचांखेरीज एक फोटो मी मोहरीसाठी वेगळा छापून घेतला होता. ज्या घरी आम्ही मुक्काम केला, तिथल्या मावशी पहाटे तीन वाजता चुलीपुढे बसून आमच्यासाठी भाकऱ्या थापत होत्या, तो हा फोटो. फाल्गुनात पुन्हा त्या बाजूला जाणे झाले, तेव्हा तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पदराने पुसला, दाराशी उजेडात नेऊन पाहिला आणि विचारले, "असाच आणखी एक मिळंल का? मुंबईला पोराकडं धाडायचाय." गेल्या सोमवारी पेन ड्राइव्ह घेऊन मी पुन्हा नवी पेठेत गेले.