सुट्टीतली रिसर्च इंटर्नशिप की आपल्याच विभागात वर्षभर काम?

पुढे एमएस किंवा पीएचडी करायचं डोक्यात असलेल्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात हा प्रश्न पडतोच. सुट्टीत एखाद्या नावाजलेल्या संस्थेत इंटर्नशिप करायची, की आपल्याच विभागातल्या प्राध्यापकांकडे लेक्चर-परीक्षा सांभाळून वर्षभर काम धरायचं? मी दोन्ही केलंय. नंतर एका सुट्टीत पुन्हा बाहेर जायचं की इथलंच काम पुढे न्यायचं, हे ठरवायची वेळ आली आणि तेव्हा एकच निवडावं लागलं. माझा विषय प्रायोगिक भौतिकशास्त्र. कागद-पेन्सिलवर संशोधन करणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकतो.

आधी बाहेरच्या इंटर्नशिपबद्दल, कारण तिचं आकर्षण खरंच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप दोन महिन्यांची, अमेरिकेतल्या एनएसएफची (तिथली सरकारी विज्ञान-निधी संस्था) आरईयू ही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची संशोधन योजना साधारण दहा आठवड्यांची, कॅनडातली मायटॅक्स ग्लोबलिंक ही संशोधन इंटर्नशिप बारा आठवड्यांची. (आरईयूच्या जागा अमेरिकी नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांसाठीच असतात. हे न वाचता अर्ज लिहायला बसणारे दरवर्षी भेटतात.) जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या समर स्टुडंट कार्यक्रमात प्रकल्पाच्या जोडीला रीतसर व्याख्यानमाला असते. आपल्या कॉलेजात बघायलाही मिळणार नाहीत अशी यंत्रं हाताळता येतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आजूबाजूला सगळे आपल्यासारखेच, याच विषयाचं वेड असलेले. रात्री जेवताना प्रयोगावरून वाद घालणारी माणसं मला पहिल्यांदा तिथेच भेटली. पीएचडी हे आपलं काम आहे की नाही, याचा अंदाजही अशा मुक्कामात बराचसा येतो.

अडचण वेळेची. दोन महिने ऐकायला भरपूर वाटतात. सुरुवातीचे दिवस ओळखपत्र, सुरक्षा प्रशिक्षण आणि लॉगिन मिळवण्यात जातात. शेवटचे पोस्टर आणि अहवालात. मधल्या काळात जे हाती लागतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी प्रकल्पाचं एक टोक असतं. हेही मी चालवून घेतलं असतं. शिकायलाच तर गेलो होतो.

माझं मत फिरलं ते मात्र डेटावरून. इंटर्नशिप संपली त्याच रात्री माझं खातं बंद झालं. त्या प्रयोगशाळेचा तसा नियमच होता आणि नियमाशी माझं भांडण नाही. पण पुढे तेच काम आमच्या विद्यापीठात पोस्टरवर मांडलं, तेव्हा एका परीक्षकांनी अगदी साधी गोष्ट विचारली: या आलेखावर एरर बार (मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा) का नाहीत? ते काढायला मूळ मोजमापं लागतात. ती तिथल्या सर्व्हरवर आणि माझ्याकडे आलेखाचं नुसतं चित्र. ज्या पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतर तिथे संशोधन करणाऱ्याच्या) हाताखाली काम केलं होतं त्यांना ईमेल केली. उत्तर आलं, सौजन्याने आलं, पण तोवर ते दुसऱ्या प्रकल्पात गुंतले होते आणि जुनी फाइल शोधणं त्यांच्या यादीत कुठेतरी तळाला होतं. ती फाइल मला शेवटपर्यंत मिळाली नाही. जे काम आपलं म्हणून सांगायचं त्यावरच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देता येऊ नये, हे मला फार खटकलं. अजूनही खटकतं.

विभागातल्या कामात हे दुखणं नाही. जुनी वही कपाटात असते, यंत्र त्याच मजल्यावर असतं, शंका आली तर संध्याकाळी जाऊन मोजमाप पुन्हा घेता येतं. त्याबदल्यात बाकीचं सगळं सोसायचं. काम रखडतं, परीक्षा आल्या की थांबतं, एखादा सुटा भाग यायला अख्खं सेमिस्टर जातं. काही प्राध्यापकांना फुकटचे हातच हवे असतात, तेव्हा त्यांच्याकडे आधी काम केलेल्यांशी बोलून घ्या. शिवाय पिकतं तिथे विकत नाही: घरच्या प्रयोगशाळेत काय केलं हे मित्रांना सांगून कुणी प्रभावित होत नाही. तरी एमआयटीसारख्या ठिकाणी १९६९पासून यूआरओपी (UROP) हा कार्यक्रम आहे आणि त्यात पदवीचे विद्यार्थी आपल्याच विद्यापीठातल्या संशोधनात वर्षभर काम करतात, हे सांगून ठेवतो. घरचं म्हणून कमी, असं तिथे तरी कुणी मानत नाही.

शिफारसपत्रांचंही बघा. अमेरिकेतल्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी तीन मागतात. बाहेरच्या इंटर्नशिपमध्ये सही मोठ्या नावाची मिळते, पण रोजचं काम अनेकदा पोस्टडॉकने किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्याने पाहिलेलं असतं. मग पत्रात मेहनती, जिज्ञासू, वक्तशीर एवढंच उरण्याची भीती. घरच्या मार्गदर्शकांनी तुमचा प्रयोग फसताना पाहिलेला असतो आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत तेही. असं पत्र जास्त बोलतं, असं मला वाटतं. प्रवेश समित्यांच्या मनातलं अर्थात मी सांगू शकत नाही.

नेतृत्वाचा रकाना या तुलनेत कुणी धरत नाही, पण धरायला हवा. ऱ्होड्स, चेव्हनिंग यांसारख्या ब्रिटनमधल्या शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्त्या त्याबद्दल थेट विचारतात. (चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभवही लागतो, त्यामुळे ती जरा पुढची गोष्ट.) त्या रकान्यासाठी मुलं फेस्टच्या समितीत शिरतात. खुशाल शिरावं. पण पाहुण्या इंटर्नच्या हाताखाली कुणी नसतं, आणि विभागात दुसरं वर्ष लागलं की ज्युनियर आपोआप गळ्यात पडतात. आमच्याकडे स्पेक्ट्रोमीटर एकच आणि त्यावरून रोज कुरबुर. मी दारावर पेन्सिलीने भरायचं आठवड्याचं वेळापत्रक लावलं. एका वेळी दोन तासच, आणि नवख्यांना सकाळची वेळ, कारण तेव्हा शिकवायला कुणीतरी हजर असतं. पहिले काही दिवस सीनियर नाराज होते, मग तेच रिकामी चौकट शोधायला लागले. मुलाखतीत नेतृत्वाबद्दल विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं, आणि पुढचे प्रश्न सगळे त्यावरच आले.

त्या सुट्टीत मी विभागातच थांबलो. तुमच्या विभागात तुमच्या विषयाचं कुणीच काम करत नसेल, किंवा संशोधन आवडतं का हेच अजून ठरत नसेल, तर मात्र बिनधास्त बाहेर जा. तिथे माझं म्हणणं लागू पडत नाही. दोन्ही जमत असेल तर आधी बाहेर, मग घरी, हा क्रम बरा. तिथे पाहिलेली एखादी पद्धत इथे आणून वर्षभर राबवता येते. आणि बाहेर गेलातच तर पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शकांना विचारून घ्या की निघताना कच्च्या डेटाची प्रत नेता येईल का. उत्तर नाही असेल तर निदान प्रत्येक आलेखामागचे आकडे रोज आपल्या वहीत उतरवायला परवानगी आहे का, तेही विचारा.